झाकणे आणि सावरणे

समाजाच्या कोणत्याही वधू-वर परिचय पुस्तिकेचे पान उघडावे. शिक्षण, उंची, नोकरी, शेती आणि घरच्या माणसांची माहिती यांच्या शेजारी एक शब्द हमखास छापलेला असतो : 'निर्व्यसनी'. तो लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही आणि वाचणाराही त्यावर थांबत नाही. सप्तव्यसनांचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी; तेव्हा जैन घरात जन्मलेला मुलगा निर्व्यसनी असणारच, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाचा समाजाला अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. मद्यमांसापासून कटाक्षाने दूर राहिलेल्या अनेक पिढ्यांनी हा लौकिक कमावला आहे. परंतु ज्या घरातील मुलगा या शब्दाच्या बाहेर गेला आहे, त्या घरासाठी हाच लौकिक भिंत बनतो. मुलाच्या लग्नाचे काय, धाकट्या बहिणीच्या स्थळाचे काय, पेढीच्या पतीचे काय आणि मंदिरात मान वर करून कसे जायचे, हे प्रश्न त्या घराला मुलाच्या आजाराहून मोठे वाटू लागतात. मग सारे घर गप्प बसते.

या गप्प बसण्याची किंमत किती असते, याचा अंदाज एका सरकारी अहवालावरून येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात, सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात आणि सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन किंवा त्या वर्गातील औषधे नशेसाठी वापरतात, असे त्यात आढळले. याहून बोलके आकडे पुढे आहेत. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे केवळ एकाला, तर बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० माणसांमागे केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. बाकीचे उपचारांविना राहिले. रुग्णालये अपुरी आहेत हे त्याचे एक कारण. पण लाजेपोटी रुग्णालयाची पायरीच न चढणे, हेही तितकेच मोठे कारण आहे.

दाराशी आलेले संकट

अमली पदार्थ ही मुंबईच्या झोपडपट्टीतील किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरील गोष्ट आहे, हा समज आता ठेवण्याजोगा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घातला. तेथे मेफेड्रोन म्हणजे बोलीभाषेतील 'एमडी' तयार होत होते. त्याच तपासाचा धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत पोहोचला आणि तेथेही साठा सापडला. ज्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात गावोगावी जिनमंदिरे आहेत, जेथे पाठशाळांतून मुले अष्टमूलगुण पाठ करतात, त्याच पट्ट्याच्या औद्योगिक वसाहतीत हा माल दडवलेला होता.

मेफेड्रोन शेतात पिकत नाही. ते रसायनांपासून बनते. त्यासाठी डोंगराळ जमीन किंवा दूरची सीमा लागत नाही, एक बंद गाळा आणि थोडेसे रसायनशास्त्र पुरते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये त्याचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्यात केला. हे द्रव्य झोप आणि भूक मारते, काही काळ खोटा उत्साह देते आणि उतरताना माणसाला अधिक रिकामे करून जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागे राहण्यासाठी, रात्रपाळी निभावण्यासाठी किंवा केवळ मित्रांच्या आग्रहाखातर पहिली चिमूट घेतली जाते.

विद्यार्थ्यांचे राहणीमानही बदलले आहे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे बोर्डिंगे उभारली, तेव्हा खेड्यातील मुलाला शिक्षणाबरोबर एक छत्र मिळे. सकाळचे दर्शन, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि सुपरिंटेंडेंटची नजर यांत त्याचे दिवस जात. आज तोच मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत चार मित्रांसमवेत भाड्याच्या सदनिकेत राहतो. त्याला स्वातंत्र्य मिळाले, हे योग्यच झाले. पण त्याच्या चेहऱ्याकडे रोज पाहणारे वडीलधारे माणूस आसपास उरले नाही, हेही खरे.

कायद्याचे दोन दरवाजे

घर गप्प बसते त्याचे दुसरे कारण म्हणजे कायद्याची धास्ती. डॉक्टरांकडे नेले तर पोलीस येतील, मुलगा तुरुंगात जाईल, अशी भीती पालकांना वाटते. म्हणून या कायद्याची नीट ओळख प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

एन.डी.पी.एस. या नावाने ओळखला जाणारा अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे. त्याची रचना प्रमाणावर आधारलेली आहे. प्रत्येक द्रव्यासाठी 'अल्प प्रमाण' आणि 'व्यापारी प्रमाण' अशा दोन मर्यादा ठरवलेल्या आहेत. गांजासाठी अल्प प्रमाण १ किलो व व्यापारी प्रमाण २० किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, तर मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम व ५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात किमान १० वर्षे आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे आणि जामीन मिळणे अत्यंत कठीण असते. हा कायद्याचा कठोर दरवाजा होय आणि तो कठोर असणे रास्तच आहे.

सेवन करणाऱ्यासाठी कलम २७ आहे. द्रव्याच्या प्रकारानुसार ६ महिने किंवा १ वर्षापर्यंत कैद, किंवा १० हजार ते २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. परंतु याच कायद्यात कलम ६४-अ आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनग्रस्त माणूस जर स्वेच्छेने सरकारी वा शासनमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ नुसार, दोषी ठरलेल्या अशा माणसालाही तुरुंगाऐवजी त्याच्या संमतीने उपचारांसाठी पाठवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

याच्या जोडीला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आहे. मद्य व अमली पदार्थांच्या वापरातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश या कायद्याने मानसिक आजारांत केला आहे. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखली जाणे हा त्याचा हक्क ठरवला आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण दिले पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे ज्या गुप्ततेसाठी कुटुंब उपचार टाळते, ती गुप्तता उपचार घेतानाही कायद्याने मिळते.

कायद्यात उणीव नाही असे नाही. व्यसनग्रस्त माणूस आधी आरोपी ठरतो आणि नंतर रुग्ण, हा क्रमच उलटा आहे. सेवन करणाऱ्याला प्रारंभापासूनच आरोग्ययंत्रणेकडे सोपवणे आणि पोलिसांचे बळ व न्यायालयाचा वेळ व्यापार करणाऱ्यांसाठी राखून ठेवणे, हे धोरण अधिक न्याय्य ठरेल. शिक्षा वाढवत नेल्याने प्रश्न सुटत नाही, हे अनुभवानेही दिसते. काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी १९८९ च्या दुरुस्तीने सक्तीची फाशी आणली होती. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली. फाशीची तरतूद पुस्तकात असतानाही बाजार वाढतच गेला.

परदेशांतील दोन धडे

शिक्षा काढून टाकली की सारे ठीक होईल, असे मानणारा दुसरा पक्षही आहे. त्याने दोन देशांचा अनुभव शेजारी ठेवून पाहावा.

पोर्तुगालने जुलै २००१ पासून स्वतःच्या वापरापुरते म्हणजे सुमारे १० दिवस पुरेल इतके अमली द्रव्य बाळगणे हा फौजदारी गुन्हा न मानण्याचे ठरवले. पण तेथे पकडलेल्या माणसाला मोकळे सोडून दिले जात नाही. त्याला त्रिसदस्य समितीपुढे उभे राहावे लागते. कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतील माणसे त्याच्याशी बोलतात आणि गरज असेल तर त्याला उपचारांकडे वळवतात. व्यापार मात्र तेथेही गुन्हाच राहिला.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये जनमत घेऊन असाच निर्णय केला आणि २०२१ पासून तो अमलात आणला. तेथे १०० डॉलरच्या दंडाची चिठ्ठी दिली जाई आणि एका दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधला की तो दंड माफ होई. संपर्क साधणारे मोजकेच निघाले, उपचारकेंद्रांची उभारणी रेंगाळली, रस्त्यांवर उघड सेवन वाढल्याची तक्रार झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून राज्याने बाळगणे पुन्हा गुन्हा ठरवले. दोन्हीकडे शिक्षा सैल झाली. पोर्तुगालमध्ये तिच्या जागी हात धरणारा माणूस आला आणि ओरेगॉनमध्ये चिठ्ठी आली. कुटुंब आणि समाज यांनाही हाच धडा लागू पडतो. रागावणे थांबवले एवढ्याने भागत नाही. रागाच्या जागी सोबत यावी लागते.

मोबाइल, पैसा आणि नवे द्यूत

पूर्वी नशेच्या वस्तूसाठी विशिष्ट गल्लीत जावे लागे. तेथे कोणी ओळखीचे भेटेल, ही भीती पुष्कळांना परत फिरवत असे. आज संदेश मोबाइलवर जातो, पैसे यूपीआयने जातात आणि वस्तू कुरिअरने किंवा दुचाकीवरील मुलाकरवी दारात येते. गल्लीची लाज तंत्रज्ञानाने नाहीशी केली. मात्र त्याच तंत्रज्ञानाने एक मागही ठेवला आहे. रोख रक्कम कोठे गेली ते सांगत नाही; खात्याचा उतारा सांगतो. पगार जमा झाल्यापासून चार-पाच दिवसांत शिल्लक संपणे, एकाच अनोळखी नावाने रात्री-अपरात्री वारंवार पाचशे-हजार जाणे, झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचे हप्ते सुरू होणे, घरभाडे मात्र थकणे, या खुणा पुरावा ठरत नाहीत. पण विचारपूस करण्यास त्या पुरेशा असतात.

काही पालक मुलाच्या मोबाइलमध्ये गुपचूप पाळत ठेवणारे अ‍ॅप बसवतात. हा मार्ग टाळलेला बरा. ज्या दिवशी मुलाला ते कळते, त्या दिवशी तो दुसरा मोबाइल घेतो आणि घराशी असलेला शेवटचा धागाही तुटतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा वडिलांनी मुलासमोर बसून स्वतःच्या खात्याचा उतारा वाचावा आणि मग मुलाने त्याचा वाचावा. हिशेब दोघांचा झाला की त्यात झडती उरत नाही.

सप्तव्यसनांच्या यादीत द्यूताचे नाव सर्वांत आधी येते, हे येथे आठवते. मोबाइलने जुगाराला 'गेम' हे निरागस नाव दिले आणि तो घराघरांत शिरला. मुनिमहाराजांकडून मद्यत्यागाचा नियम घेतलेला तरुणही रात्री पांघरुणात पैसे लावून पत्ते खेळत बसला, तर त्याचे व्यसन सुटले असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधी जो कायदा मंजूर केला, त्यात पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बँकांनीही अशा व्यवहारांचे पैसे पुढे पाठवायचे नाहीत. मात्र खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. १९८५ च्या कायद्याने ज्या माणसाला आधी आरोपी मानले, त्याच्याच भावंडाला २०२५ च्या कायद्याने फसवला गेलेला मानले. चाळीस वर्षांत विचार योग्य दिशेने सरकला आहे.

विषवाणिज्य : व्यापाऱ्याचे दायित्व

समाज मुख्यतः व्यापारी व शेतकरी आहे. म्हणून सेवनाइतकाच विचार व्यापाराचाही व्हावा लागतो. श्वेतांबर परंपरेत श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये रसवाणिज्य आणि विषवाणिज्य यांची गणना आहे. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांपैकी एक 'हिंसादान' सांगितला आहे. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, असा त्याचा अर्थ असून त्या साधनांत विषही येते. आपण स्वतः मद्याला शिवत नाही, एवढ्याने या व्रताची पूर्तता होत नाही.

औद्योगिक वसाहतीतील गाळा भाड्याने देताना भाडे दुप्पट मिळते आहे, मग भाडेकरू रात्री काय करतो ते कशाला पाहा, अशी वृत्ती असेल तर ती धर्माला धरून नाही आणि कायद्यालाही नाही. आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणारा मालक कलम २५ खाली त्या गुन्ह्याच्या शिक्षेला पात्र ठरतो. अशा व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यास कलम २७-अ खाली १० ते २० वर्षांची शिक्षा आहे. 'दोन दिवस तुझे खाते वापरायला दे, हजार रुपये मिळतील,' या आमिषाला बळी पडून महाविद्यालयीन मुले स्वतःचे बँक खाते परक्याच्या हाती देतात. त्या खात्यातून गुन्ह्याचा पैसा फिरतो आणि चौकशी खातेदाराची होते. औषधाची दुकाने चालवणाऱ्या बांधवांनीही दक्ष राहावे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. अनुसूची एच-१ मधील औषधांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. ही नोंदवही ओझे म्हणून भरण्याऐवजी व्रताचा भाग म्हणून भरली, तर कित्येक घरे वाचतील.

उपगूहनाचा खरा अर्थ

'झाकले तर काय चुकले? आपल्या धर्मातच उपगूहन सांगितले आहे,' असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, हे खरे. पण ते एकटे नाही. त्याच्या आधी निर्विचिकित्सा आहे, म्हणजे रोगी व मलिन देहाचीही किळस न करणे. त्याच्या लगेच नंतर स्थितीकरण आहे, म्हणजे मार्गावरून घसरलेल्याला पुन्हा स्थिर करणे. आणि मग वात्सल्य आहे. श्वेतांबर परंपरेत उपगूहनाच्या जागी उपबृंहण हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ गुणांची वाढ करणे असा होतो. या क्रमातून केवळ झाकणे उचलले आणि बाकीचे सोडून दिले, तर त्याला उपगूहन म्हणता येत नाही. ती निव्वळ लोकलाज होय.

उपगूहनासाठी प्रसिद्ध झालेली कथा जिनेंद्रभक्त श्रेष्ठींची आहे. त्यांच्या चैत्यालयातील मौल्यवान रत्न चोरण्यासाठी एक चोर क्षुल्लकाचा वेष घेऊन आला. रत्न घेऊन पळताना तो रक्षकांच्या हाती लागला, तेव्हा श्रेष्ठींनी 'हे रत्न माझ्याच सांगण्यावरून त्यांनी आणले आहे,' असे म्हणून त्याला सोडवले. धर्माची निंदा टळली. नंतर मात्र एकांतात त्यांनी त्याला त्याच्या कृत्याची जाणीव करून दिली आणि घालवून दिले. म्हणजे बाहेर झाकले, पण आत डोळेझाक केली नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : ते रत्न श्रेष्ठींचे स्वतःचे होते. हानी त्यांची होती, म्हणून ती पोटात घालण्याचा अधिकारही त्यांचा होता.

याच कसोटीवर लग्नाचा प्रश्न तपासावा. मुलाचे व्यसन गावापासून, भावकीपासून, पेढीवरील गिऱ्हाइकांपासून झाकण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. परंतु ज्या मुलीशी त्याचे लग्न ठरवायचे आहे, तिच्यापासून ते झाकण्याचा अधिकार कुटुंबाला नाही. तेथे पणाला लागलेले रत्न दुसऱ्याच्या घरचे असते. 'लग्न झाले की सुधारेल,' या वाक्याने किती मुलींचे आयुष्य उपचाराचे साधन म्हणून वापरले गेले, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. आधी उपचार, मग पुरेसा स्थिर काळ आणि मग संपूर्ण सत्य सांगून लग्न, हाच क्रम निर्दोष आहे. सत्य ऐकूनही होकार देणारी माणसे मिळणार नाहीत, ही भीती समाजाने खोटी ठरवायची आहे.

स्थितीकरणाचे उदाहरण वारिषेण मुनींचे. त्यांचा मित्र पुष्पडाल त्यांच्या संगतीने मुनी झाला खरा. पण बारा वर्षे त्याचे मन घरी सोडून आलेल्या पत्नीतच गुंतून राहिले. वारिषेणांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, त्याला संघातून काढले नाही. ते त्याला घेऊन स्वतःच्या राजवाड्यात गेले, आपल्या अलंकृत राण्या आणि सारे वैभव त्याच्यापुढे ठेवले आणि हवे तर हे घे, असे म्हणाले. पुष्पडाल खजील झाला आणि त्याचे चित्त स्थिर झाले. येथे बारा वर्षांचा धीर आहे आणि सोबत चालत जाणे आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारा कोणताही जाणकार आज याहून वेगळे सांगणार नाही.

नियम आणि औषध

चातुर्मासात त्यागी-मुनींसमोर मद्यत्यागाचा नियम घेण्याची प्रथा अत्यंत मोलाची आहे. तथापि तिच्याविषयी एक सावधगिरी प्रत्येक घराने पाळावी. अनेक वर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्या माणसाने ते एकाएकी थांबवले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात आणि क्वचित ते प्राणावर बेततात. म्हणून अशा माणसाने नियम घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे. औषधांच्या आधाराने मद्य सोडणे सुरक्षित होते. हेरॉइनसारखी द्रव्ये घेणाऱ्याच्या बाबतीत धोका उलट दिशेने येतो. काही महिने दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तेव्हा मोह होऊन जुन्याच प्रमाणात ते द्रव्य घेतले, तर मृत्यू ओढवू शकतो. अफूवर्गातील व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे डॉक्टर दीर्घकाळ देतात. ती घेणे म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे नव्हे. मधुमेही माणसाचे इन्सुलिन जसे, तसेच ते आहे. नियम मनाला बळ देतो आणि औषध शरीराला. दोघांत विरोध नाही.

महाराष्ट्रात या कार्याची थोर परंपरा आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीच्या पाठबळावर १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. मारहाण आणि कोंडून ठेवणे यांना तेथे थारा नाही; संवाद आणि विश्वास हा तेथील उपचारांचा पाया आहे. आपल्या माणसाला कोणत्याही केंद्रात ठेवण्यापूर्वी त्या केंद्राची नोंदणी आहे का, तेथे मनोविकारतज्ज्ञ येतात का आणि कुटुंबाला भेटू देतात का, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मारून सुधारण्याची हमी देणाऱ्या केंद्राकडे अहिंसेच्या उपासकाने पाठच फिरवली पाहिजे.

समाजाने सामूहिकरीत्या करण्याजोगी कामेही फार खर्चिक नाहीत. पाठशाळेत सप्तव्यसनांचा पाठ घेताना 'एमडी', खोकल्याच्या औषधाची नशा आणि मोबाइलवरील जुगार यांची नावे स्पष्ट घ्यावीत. अपरिचित शब्दांनी मुले सावध होत नाहीत. प्रत्येक मंदिराच्या विश्वस्त मंडळाने गावातील डॉक्टर, वकील आणि अनुभवी गृहिणी अशा तिघांचा एक लहानसा गट नेमावा. आलेली माहिती त्या तिघांपुढे जाणार नाही, एवढे वचन त्यांनी द्यावे. मंदिराच्या फलकावर चातुर्मासाच्या कार्यक्रमाशेजारी १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आणि १४४१६ हा मानसिक आरोग्य साहाय्याचा क्रमांक कायमचा लिहून ठेवावा. उपचारांचा खर्च न झेपणाऱ्या घराला दानाच्या रकमेतून, नाव न उच्चारता मदत करावी. औषधदान आणि अभयदान ही दोन्ही दाने त्या एका मदतीत घडतात.

उपचार पूर्ण करून परतलेला तरुण पहिल्या दिवशी मंदिरात येईल तेव्हा त्याच्याकडे वळून पाहत कुजबुज करायची, की 'ये, पूजेच्या थाळीला हात लाव' असे म्हणून त्याला पुढे बोलवायचे, हा निर्णय कोणत्याही सरकारच्या धोरणात लिहिलेला नसतो. तो मंदिरात त्या वेळी उपस्थित असलेल्या प्रत्येकाला स्वतः करावा लागेल.